जावयावर हरकत

माजा नवरा वाईट न्हवता, हे आधी सांगते. न्हाईतर पुढचं ऐकून तुमी म्हणाल, बाईनं भरल्या चावडीत नवऱ्याची अब्रू काढली, म्हंजे घरात रोज लाथाबुक्क्या असतील. तसलं काय बी न्हवतं. हौशीरामानं माज्यावर कदी हात उचलला न्हाई, कदी उष्टं ताट पुढं सारलं न्हाई. चुलीला लाकडं न सांगता आणून टाकायचा. आता नाव घेते मी त्याचं, मला लाज वाटत न्हाई. घेतलं येकदा ते घेतलं.

आमचं गाव आंदर मावळात, डोंगराच्या कुशीला. माज्या बापाला मी येकटीच. बाप भिमाजी पाटील. आमच्या घराण्यात पोलीसपाटीलकी व्हती. राज्य इंग्रजाचं, पर गावापुरतं राज्य पोलीसपाटलाचं. चोरी झाली, डोकी फुटली, वढ्यात मढं गावलं, कुणी परका गावात येऊन ऱ्हायला, तर तालुक्याला कळवायचं पाटलानं. पाटील म्हणंल त्यो चोर आन् पाटील म्हणंल त्यो साव. बाप कडक व्हता. त्याच्या येळंला जंगलचं लाकूड चोरून आणायची आन् मोहाची दारू गाळायची कुणाची टाप न्हवती. लोक त्याला भ्यायचे आन् माघारी शिव्या द्यायचे.

बाप गेला. भाऊ न्हाई, म्हून वतन चढलं आयच्या नावावर. आय माजी सरुबाई. बाईला पाटीलकी करता येत न्हाई. तिनं आपल्या वतीनं माणूस द्यायचा, प्रांतसायबानं गावात येऊन चावडीवर समद्यांना इचारायचं, ह्यो माणूस चालंल का, कुणाची हरकत हाय का, आन् मंग त्याला नेमायचं. आयनं जावयाचं नाव दिलं. प्रांत थंडीत येणार व्हता. तवर पावसाळाभर हौशीरामच काम बघत व्हता.

आता जावई म्हंजे घरजावई, हे बी सांगते. वडिवळ्याचा त्यो. तितं भाऊ लय आन् जमीन येवढीशी, म्हून माज्या बापानं त्याला आमच्यात आणला. घरजावयाचं जिणं काय असतं ते घरजावयालाच ठावं. शेत बायकूचं, बैल सासूचे. पारावर बसला तरी लोक म्हणायचे, "या पाव्हणं." इतकी वर्सं झाली, गावचा पाऊस अंगावर घेतला, तरी पाव्हणंच! त्याला त्ये लागायचं. बोलायचा न्हाई, पर बायकूला कळतं. पाटीलकीचं कळलं त्या दिशी त्यानं माज्या बापाचा जुना फेटा पेटीतून काढला, उन्हात टाकला आन् दिसभर त्याच्या भवती घुटमळत ऱ्हायला. मला बी बरं वाटलं. खोटं कशापायी बोलू?

आन् गावाला? गावाला तर सुंठीवाचून खोकला गेला. हौशीराम कुणाला न्हाई म्हणत न्हवता. जंगलातून लाकडाची गाडी आली तर ह्यो तोंड फिरवून उभा ऱ्हायचा. कुणाची म्हस दुसऱ्याच्या भातात शिरली तर दोघांना बी म्हणायचा, "तुमचंच खरं." समद्यात वडीलधारे दत्तोबा आबा तर जाता-येता त्याची पाठ थोपटायचे. "असा पाटील गावाला भेटला न्हाई!" असं म्हणायचे. कसा भेटंल? नंदीबैलाला पाटील कोण करतं!

भात कापणीच्या सुमाराला देवळातली घंटा गेली. भैरोबाची घंटा, चांगली जड, पितळेची. गावात लय बोंबाबोंब झाली. फौजदार आला, शिपाई आले, चार लोकांना दटावून गेले.

पुढं काय दिसांनी आमी दोघं खळ्यावर भात झोडत व्हतो. सकाळपासनं तितंच व्हतो, भाकरी बी तितंच खाल्ली. उन्हं कलली आन् फौजदार घोड्यावरनं आला. खाली बी उतरला न्हाई.

"काय पाटील, घंटा सापडली बरं का," म्हणाला. "वरच्या ठाकरवाडीत. गेणू ठाकराच्या खोपटात."

हौशीरामानं हात जोडले. "ब्येस झालं सायेब."

"उद्या कचेरीत या. तुमच्यासमोर झडती झाली, घंटा निघाली ती तुम्ही डोळ्यांनी पाहिली, एवढं सांगायचं."

"पर मी तर हितं व्हतो सायेब."

फौजदार हसला. "मग आता डोंगर चढून जाताय का? काम झालंय. पाटीलकी कायम व्हायची आहे ना अजून?"

मी पेंढी हातात धरून उभी व्हते. मला वाटलं, आता म्हणंल, आता म्हणंल, न्हाई जमायचं म्हून. हौशीराम म्हणाला, "बरं सायेब." दुसऱ्या दिशी गेला आन् सांगून आला. गेणूला बेडी घालून नेला.

घरी आल्यावर मी बोलले. माजं त्वांड आधीच फटकळ. "न बघता बघितलं म्हणालात? जीभ कशी रेटली तुमची?"

"फौजदार हाय त्यो, नंदा."

"फौजदार असंल त्याच्या घरचा! घंटा तितं निघाली का फौजदारानंच तितं नेऊन ठिवली, तुमाला काय ठावं?"

"त्ये म्हणत्यात निघाली. सरकारचा माणूस कशाला खोटं बोलंल?"

"मंग तुमाला कशाला बोलाया लावलं?"

त्यो जेवला न्हाई. पाठ करून झोपला, आन् पहाटं उठून गोठ्यात जाऊन बसला. त्याला बी खुपत व्हतं. वाईट माणसाला खुपत न्हाई, म्हून तर मला त्याचा राग बी धड येत न्हवता.

गेणूनं घंटा चोरली का न्हाई? देवाला ठावं. मला तवा ठावं न्हवतं आन् आज बी न्हाई. त्याची बायकू कस्तुराबाई आमच्या परसात आली. आत ये म्हणलं तर आली न्हाई. म्हणाली, "आक्का, येकच इचारते. पाटील आमच्या वाडीत कवा आल्ते? आमी कुणी बघितलं न्हाई." माज्या हातात ताकाचं गाडगं व्हतं. मी म्हणलं, "त्यांना इचारून सांगते." काय इचारणार व्हते? त्या दिशी खळ्यावर त्याच्या शेजारी मीच व्हते. ती मान हलवून गेली आन् मला माजीच शिसारी आली.

पौषात प्रांतसायेब आला. दवंडी पिटली, पोलीसपाटलाच्या नेमणुकीवर कुणाची हरकत असंल त्यानं चावडीवर येऊन सांगावी. आयनं नवं लुगडं नेसलं. हौशीरामानं फेटा बांधला. खरं सांगते, शोभत व्हता. त्यानं माज्याकडं बघितलं आन् हसला, आन् मी नजर वळवली.

चावडीपुढं समदं गाव बसलं व्हतं. बायका भिंतीच्या आडोशाला. मधी खुर्चीवर प्रांत, चष्मेवाला, मवाळ दिसणारा. त्याच्या शेजारी कारकून चिंतामणराव, तळेगावचे. येका अंगाला फौजदार, पायावर पाय टाकून. आन् लांब, चपला काढत्यात तितं, कस्तुराबाई उभी व्हती.

प्रांतानं इचारलं, "या नेमणुकीला कोणाची हरकत आहे?"

आळीमिळी गुपचिळी. कोण बोलणार? जावई म्हंजे गावाचा जावई. आमच्यात जावयाला तोंडावर उणं बोलत न्हाईत. भाकरी करपली तरी जावयापुढं कुणी करपली म्हणत न्हाई. त्यात ह्यो गावाच्या सोयीचा. दत्तोबा आबा उठले आन् म्हणाले, "सायेब, जावई देवमाणूस हाय. गावाची हरकत न्हाई."

प्रांतानं पुन्यांदा इचारलं. त्याला शंका आली असावी, कारण येवढ्या मोठ्या गावात पाटलावर कुणाची येक बी तक्रार न्हाई असं कुटं असतं का? "स्त्री असो, पुरुष असो, कोणीही सांगावं. भिण्याचं कारण नाही."

मी येक इचार केला. मी ह्या गावची सून असते तर आडोशातनं हलले नसते. सून चावडीत बोलत न्हाई. पर मी गावची लेक व्हते. ह्याच चावडीच्या वट्यावर परकर नेसून खेळलेली. लेकीला कोण अडवतो? मी पदर खोचला आन् पुढं झाले.

"माजी हरकत हाय."

आय म्हणाली, "नंदे!" नुसतं येवढंच.

प्रांतानं चष्मा वर केला. "तुम्ही कोण?"

"वतनदारणीची लेक. आन् ज्याला नेमताय त्याची बायकू."

जी हसाहस झाली म्हणता! दत्तोबा आबा बी हसले. फौजदार तर मिशीतल्या मिशीत. प्रांत हसला न्हाई. म्हणाला, "घरात भांडण आहे का? मारहाण करतात का?"

"न्हाई सायेब. लय चांगला माणूस हाय. त्येच तर आडचण हाय."

"म्हणजे?"

"त्याला न्हाई म्हणता येत न्हाई. मला म्हणत न्हाई, सासूला म्हणत न्हाई, शेजाऱ्याला म्हणत न्हाई. घरात त्ये चालतं. पाटलाला कसं चालंल?"

आता हसणं थांबलं. चिंतामणराव लेखणी घेऊन बसले व्हते. ते म्हणाले, "हरकत लिहायची तर रीतसर लिहावी लागेल. कोणाविरुद्ध? नाव सांगा."

"ह्यांच्या," मी म्हणलं.

"ह्यांच्या म्हणजे कोणाच्या? नाव घ्या बाई. नावाशिवाय हरकत धरता येत नाही."

मागून कुणी तरी मेला वरडला, "उखाणा घे की, आक्का!" पुन्यांदा हशा. हळदीकुंकवाला बायका घेत्यात तसा उखाणा, भरल्या चावडीत! माजे कान तापले. नवऱ्याचं नाव तोंडानं उच्चारलं तर त्याचं आयुष्य कमी व्हतं म्हणत्यात. माज्या आयनं माज्या बापाचं नाव त्यो मेल्यावर बी घेतलं न्हवतं. मी हौशीरामाकडं बघितलं. त्यो मान खाली घालून मातीवर बोटानं रेघा वढत व्हता. मला वाटलं, गप बसावं, घरी जावं, फेटा घडी करून ठिवावा. मंग लांब उभी ऱ्हायलेली कस्तुराबाई दिसली. ती हसत न्हवती.

"उखाणा तुज्या बायकूला घ्याया सांग," मी त्या मेल्याला म्हणलं. आन् प्रांताकडं वळून बोलले, "लिवा. हौशीराम. वडिवळ्याचा हौशीराम, माजा नवरा. भैरोबाची घंटा गेणू ठाकराच्या खोपटात निघाली ती डोळ्यानं बघितली, असं ह्यानं कचेरीत सांगितलं. त्या दिशी ह्यो दिस उगवल्यापासनं मावळंपातूर माज्यासंगं खळ्यावर भात झोडत व्हता. ठाकरवाडीत ह्यानं पाऊल टाकलं न्हाई."

चिंतामणरावांनी त्ये लिवून घेतलं.

फौजदार ताडकन उठला. "साहेब, ही बाई सरकारी कामात—"

"बसा," प्रांत म्हणाला. आवाज चढवला न्हाई, पर फौजदार बसला. "मी नवऱ्याला विचारतो. हौशीराम, पुढे या. घंटा तुम्ही पाहिली का?"

हौशीराम उठला. फेटा सारखा केला. आधी फौजदाराकडं बघितलं, मंग दत्तोबा आबांकडं, मंग आयकडं. जो तो त्याच्याकडं असा बघत व्हता का, बाबा, व्हय म्हण आन् मोकळा हो. मला ठावं व्हतं आता काय व्हणार. त्यो व्हय म्हणणार, मी खोटी पडणार, आन् गेणू तिकडं कुजणार. मी डोळे मिटून घेतले.

"न्हाई सायेब," हौशीराम म्हणाला.

इतक्या हळू म्हणाला का प्रांतानं पुन्यांदा इचारलं.

"न्हाई बघितली. मी खळ्यावर व्हतो. फौजदारसायबांनी सांगितलं तसं बोललो." माज्या जल्माच्या जोडीदाराला मी पैल्यांदा कुणाला न्हाई म्हणताना ऐकलं, आन् ते बी फौजदाराच्या तोंडावर. माज्या डोळ्याला धारा लागल्या. लाज न्हाई, आनंद न्हाई, काय ते सांगता येत न्हाई, नुसतं रडू आलं.

प्रांतानं चष्मा काढून पुसला. मंग म्हणाला, "खोट्या जबानीला शिक्षा असते, माहीत आहे?"

"आता कळलं सायेब."

"उद्या तालुक्याला या. मॅजिस्ट्रेटपुढे हेच सांगावं लागेल. तिथे तुमच्यावरही खटला होऊ शकतो. मी तुम्हाला वाचवीन असं सांगत नाही." फौजदाराला म्हणाला, "तुम्हीही या." आन् चिंतामणरावांना म्हणाला, "नेमणूक नामंजूर. वतनदारांनी दुसरा माणूस द्यावा."

गाव उठलं. कुणी माज्याशी बोललं न्हाई. दत्तोबा आबा जाताना म्हणाले, "जावयाचं असं करत्यात व्हय गं? बापाचं नाव काढलंस." मी म्हणलं, "व्हय आबा, काढलं. बाप असता तर तुमच्या चोरीच्या लाकडाच्या गाड्या बी बाहेर काढल्या असत्या." आबा तरातरा निघून गेले. आयनं मातूर माज्याकडं बघितलं बी न्हाई. घरी येऊन तिनं नवं लुगडं सोडलं, जुनं नेसली आन् भिताडाकडं तोंड करून बसली. तिला लेक पाटलीण झालेली बघायची व्हती. तिची काय चूक? तिच्याशी बोलायला मला उन्हाळा उजाडला.

हौशीराम दिस बुडायच्या आधी घरी आला. आल्या-आल्या खुंटीवरची घोंगडी काढली, पिशवीत धोतर कोंबलं. माजा जीव हलला. म्हणलं, चालला वडिवळ्याला भावांकडं. बायकूनं गावापुढं नागडं केल्यावर कोण ऱ्हाईल? अडवायचं कोणत्या तोंडानं, आन् न्हाई अडवलं तर जगायचं कसं? मी दारात उभी ऱ्हायले.

"वाट दे," म्हणाला.

"माजा राग आला?"

"आला," म्हणाला. "लय आला. चावडीत वाटलं, धरणी फाटावी." त्यानं घोंगडी खांद्यावर टाकली. "पर तू बोलली नसतीस तर मी व्हयच म्हणलो असतो. आन् मंग जलमभर म्हणतच बसलो असतो."

"मंग कुटं निघालाय?"

"तालुक्याला. उद्या सायबानं बोलावलंय न्हवं? पहाटं निघालो तर पोचायचो न्हाई. आता कामशेतापातूर जातो, तितंच पडतो."

मी वाट सोडली न्हाई. "येकटं जाऊ नगा. मी येते. मी बी सांगते."

"तू सांगितलंस. आता मला सांगू दे." त्यो पैल्यांदाच माज्याशी असं बोलला. मंग चुलीकडं बघितलं. "भाकरी असंल तर बांध. जाण्यापुरती बांध. यायचं काय सांगता येत न्हाई, आतच ठिवून घेतलं तर तुजी भाकरी वाया जायची."

मी चूल फुंकली. परातीत पीठ घेतलं. भाकऱ्या थापल्या, तव्यावर टाकल्या, त्यो उंबऱ्यावर बसून बघत ऱ्हायला. फडक्यात त्याच्या जायच्या बांधल्या. मंग त्याच्या यायच्या बांधल्या, वर मिरच्याचा ठेचा ठिवला. मंग अजून दोन थापल्या आन् त्या येगळ्या बांधल्या.

"ह्या कुणाच्या?" त्यानं इचारलं.

"गेणूच्या," मी म्हणलं. "येताना त्यो बी भुकंला असंल."